फोनवर आलेली वाटी

(दृश्य: शटर अर्धे ओढलेले चिकनचे दुकान, आत रिकामे पिंजरे.)

टाळेबंदी लागण्यापूर्वीच, २०२० च्या फेब्रुवारीत, हातातल्या फोनने आपल्या ताटातील एक पदार्थ काढून घेतला होता. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, असा मजकूर आजारी कोंबड्यांच्या कुठल्या तरी छायाचित्रांसह व्हॉट्सअॅपवरून घरोघर पोहोचला आणि राज्यातील कुक्कुटपालकांचा माल शेडमध्येच पडून राहिला. नीट शिजवलेली कोंबडी आणि अंडी खाण्यात कोणताही धोका नाही, असे सरकारी यंत्रणांनी पुन्हापुन्हा सांगितले. पण खुलासा नेहमीप्रमाणे पायी चालत आला आणि अफवा तोवर गावाबाहेर पडली होती. जे अंडे कमी पैशांत मुलांच्या पोटात चांगली प्रथिने घालते, तेच काही आठवडे अनेक घरांत नकोसे झाले.

पुढच्या काही महिन्यांत याच फोनला नेमके उलटे काम सांगण्यात आले. माणसांना चांगले खायला शिकव, असे मंत्रालयांनी, डॉक्टरांनी, आहारतज्ज्ञांनी, अंगणवाडी सेविकांनी आणि सोसायट्यांच्या ग्रुपवरील उत्साही सभासदांनी त्याला सांगितले. ते काम कुठे जमले आणि कुठे नुसतेच पुढे ढकलले गेले, हे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

(दृश्य: गॅसवर उकळणारे पातेले, वाफेने धूसर झालेली खिडकी.)

महाराष्ट्रात २३ मार्चला संचारबंदी लागू झाली आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. त्यानंतर पहिली लाट आली ती काढ्याची. आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी जो सल्ला दिला, त्यात तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यावा, तसेच १५० मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद घालून ते प्यावे, असे स्पष्ट लिहिले होते. हाताहातांतून पुढे जाताना या सल्ल्यातली मापेच आधी गळून पडली. आमच्या घरी आलेल्या संदेशात ‘दिवसातून एकदा किंवा दोनदा’ हे शब्द राहिलेच नव्हते, आणि माझ्या सासूबाईंनी चांगल्या हेतूने सर्वांना चार-चार वेळा जो मिरीचा कडक काढा पाजला, त्याने आठवड्याभरात घरातील दोघांच्या पोटात आग पडली. सल्ला तसा वाईट नव्हता, त्याची वाटी तेवढी हरवली होती.

लसणाचेही तसेच झाले. लसूण आरोग्याला चांगला असला, तरी तो खाल्ल्याने या विषाणूपासून बचाव होतो याला पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेला स्वतंत्रपणे जाहीर करावे लागले. ७ एप्रिलला व्हॉट्सअॅपने बऱ्याच हातांतून फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली, आणि अशा संदेशांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने महिना संपण्याच्या आत सांगितले. त्या मर्यादेने अफवांचा वेग कमी झाला असेल, पण चांगल्या सल्ल्यात माप परत आणून ठेवण्याचे काम कोणतेही अॅप करणार नव्हते.

(दृश्य: दोन मोबाईल पडदे शेजारी शेजारी. एकावर फेसाळलेली कॉफी, दुसऱ्यावर रेशन दुकानासमोर आखलेली वर्तुळे.)

त्या दिवसांत समाजमाध्यमांवर दिसणारे स्वयंपाकघर आणि प्रत्यक्षातले स्वयंपाकघर यांत बरेच अंतर होते. एकीकडे डालगोना कॉफी घोटली जात होती, घरी पाणीपुरीच्या पुऱ्या फुगतात की नाही यावर चर्चा झडत होत्या, आणि त्यावर उतारा म्हणून कुणीतरी ओट्स, ब्रोकोली व बदामांचे तक्ते पाठवत होते. दुसरीकडे प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून माणशी ५ किलो धान्य आणि कुटुंबामागे महिन्याला १ किलो डाळ मोफत जाहीर झाली होती. ‘प्रत्येक जेवणात वाटीभर डाळ घ्या’ हा त्या काळातला सर्वांत लोकप्रिय आणि शास्त्राला धरून असलेला सल्ला या हिशेबाला लावून पाहिला, तर चित्र असे दिसते: एक किलो डाळ तीस दिवसांत वाटली की रोज ३३ ग्रॅम येते, आणि तेवढ्यात साधारण एक वाटी वरण होते. पाच माणसांच्या घरात ती एक वाटी कुणाच्या पानात वाढायची, हे कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नव्हते. अशा घरात जाऊन पोहोचणारा संदेश खोटा नसतो, मात्र तो दुसऱ्याच कुणासाठी लिहिलेला असतो.

मापाची भाषा बोलणारे एक सरकारी ताट मात्र तेव्हा रस्त्यावर उपलब्ध होते. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीची किंमत टाळेबंदीत दहावरून पाच रुपयांवर आणली गेली. प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅमची एक वाटी भाजी, १०० ग्रॅमचे एक वाटी वरण आणि १५० ग्रॅमची एक मूद भात, असे तिचे स्वरूप शासनाने ठरवून दिले होते. दिवसाला भाज्या आणि फळे मिळून किमान ४०० ग्रॅम हवीत, या जागतिक शिफारशीच्या जवळपासही ही वाटी जात नाही, हे खरे आहे. पण पाच रुपयांत आणखी किती मागायचे, हेही खरे आहे. ‘संतुलित आहार’ या शब्दापेक्षा ‘एक मूद भात’ हा शब्द लोकांना लगेच कळला, एवढे या निमित्ताने नोंदवून ठेवायला हवे.

(दृश्य: चूल, लोखंडी तवा, पाट्यावर वाटला जाणारा मसाला.)

मराठी घरांत त्या वर्षी ज्यांचे म्हणणे सर्वाधिक ऐकले गेले, त्यांत अहमदनगरजवळच्या सारोळा कासार येथील सुमन धामणे या आजींचे नाव घ्यावे लागेल. शाळेत न गेलेल्या या आजींच्या हातचे पदार्थ त्यांच्या नातवाने चित्रित करायला सुरुवात केली आणि ‘आपली आजी’ ही त्यांची यूट्यूब वाहिनी टाळेबंदीच्या काळात घरोघर पोहोचली. गाजली काय, तर कारल्याची भाजी. शेंगदाण्याची चटणी, वांगी, पालेभाज्या आणि घरी केलेला मसाला यांना लाखोंनी प्रेक्षक मिळाले. ऑक्टोबरमध्ये ती वाहिनी काही दिवस हॅकरच्या ताब्यात गेली, तेव्हा बातमीही अशी झाली की जणू शेजारच्या घरातली चूल विझली. आरोग्यदायी खाण्याचा प्रचार करण्याचा आव तिथे नव्हता, आणि माझ्या मते तिचे बळ त्यातच होते. मुलाला कारले खायला लावण्यासाठी त्यातील गुणांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा ते तेलात नीट परतताना दाखवणे अधिक उपयोगी पडते, हे कोणत्याही आईला ठाऊक असते.

(दृश्य: अंगणवाडीचे कुलूपबंद दार. नंतर एका हातातील चमचा, अगदी जवळून.)

या सगळ्यात सर्वांत अवघड काम होते ते सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांच्या घासाचे. १९७५ पासून चालत आलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची अंगणवाडी बंद झाली, गहू, डाळ, कडधान्य, तिखट, हळद, मीठ असा कोरडा शिधा सेविका घरपोच देऊ लागल्या, आणि त्याच सेविकांवर कोरोनाच्या सर्वेक्षणाचाही भार पडला. आईला समोर बसवून सांगण्याची सोय संपल्यामुळे उरला तो फोन.

इथे मात्र माध्यमाने आपले मोल दाखवले, कारण सांगायची गोष्ट मुळातच दाखवण्यासारखी होती. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाचे वरणभाताचे मऊसूत मिश्रण किती घट्ट असावे, हे पानभर लिहून समजत नाही. चमचा तिरका केला तरी ते लगेच ओघळता कामा नये, हे दहा सेकंदांच्या चित्रफितीत कळते. वरणाचे नुसते वरचे पाणी पाजले की पोट भरते आणि अंगाला काहीच लागत नाही, ही आपल्या घरांतील जुनी चूक एका तिरक्या चमच्याने उघडी पडते. प्रमाणही वाटीतच सांगता येते: २५० मिलिलिटरची वाटी धरली, तर सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करून आठ महिन्यांपर्यंत एका वेळी अर्ध्या वाटीवर यावे, आणि वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटीवर. मात्र घरातील वाट्या त्याहून बऱ्याच लहान असतात, त्यामुळे कोणती वाटी, हे दाखवल्याशिवाय तोही सल्ला अपुराच राहतो.

पण चित्रफीत पाहायला स्मार्टफोन आणि इंटरनेट लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे टाळेबंदीच्या काही महिने आधी केलेल्या पाहणीत, राज्यातील सुमारे ३८ टक्के महिलांनीच कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ६१ टक्के होते. ज्या घरात फोन आहे, तिथेही तो दिवसभर कुणाच्या खिशात असतो, हे या आकड्यांवरून समजते. ‘तरंग सुपोषित महाराष्ट्राचा’ या राज्याच्या उपक्रमात व्हॉट्सअॅपच्या चॅटबॉटसोबत साध्या फोनवरून ऐकता येईल अशी ध्वनिसेवा ठेवण्यात आली, ती म्हणूनच शहाणपणाची होती. सेविकांना सरकारने दिलेल्या फोनची कथा वेगळीच झाली. निकृष्ट आणि सतत बंद पडणारे म्हणून अनेक सेविकांनी ते २०२१ मध्ये आंदोलन करून परत केले.

(दृश्य: सोसायटीच्या फाटकाशी उभा टेम्पो, द्राक्षांच्या पेट्या.)

एप्रिलमध्ये पुण्याचा मार्केट यार्ड काही काळ बंद राहिला आणि ऐन हंगामातील नाशिकच्या द्राक्षांना गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा शेतकऱ्यांनी थेट सोसायट्यांशी संधान बांधले. ग्रुपवर यादी फिरायची, नावापुढे पेट्यांचा आकडा लिहायचा, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो फाटकाशी यायचा. ‘फळे खा’ असा सल्ला न देताही कितीतरी घरांत त्या महिन्यात इतकी फळे गेली, जितकी एरवी कुणाच्या सांगण्याने गेली नसती.

आमच्या इमारतीच्या ग्रुपवर त्याच सुमारास रोजच्या ताटाचे छायाचित्र टाकण्याची टूम निघाली. पहिला आठवडा गुलाबजाम आणि पिझ्झाचा झाला. नंतर तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर ताईंनी दोनच गोष्टी मागितल्या: वरणावर पिळायची लिंबाची फोड ताटात दिसावी, आणि चहाचा कप दिसू नये. डाळीतील व पालेभाजीतील लोह लिंबामुळे अंगी लागते आणि जेवणावर लगेच घेतलेल्या चहामुळे ते वाया जाते, एवढेच कारण त्यांनी सांगितले. राज्यातील निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे, असे त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात म्हटले आहे, त्यामुळे मागणी क्षुल्लक नव्हती. पंधरा दिवस फोडी नियमाने दिसत राहिल्या. काहींनी ती केवळ छायाचित्रापुरती ठेवून पुन्हा फ्रीजमध्ये टाकली, असा माझा संशय आहे, आणि त्यांतले एक घर आमचेच होते.

सप्टेंबरमध्ये पोषण माह साजरा झाला, तेव्हाही सजवलेल्या ताटांची छायाचित्रे राज्यभरातून अपलोड झाली आणि किती कार्यक्रम झाले, किती जण सहभागी झाले, याचे आकडे जमा झाले. त्या ताटांतील घास कुणाच्या पोटात गेला, याची मोजणी कोणत्याच पडद्यावर नव्हती.

(दृश्य: हॉटेलचे उघडणारे शटर, बाकांवर एकाआड एक फुली.)

५ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेने राज्यातील उपाहारगृहे उघडली. आमच्या ग्रुपवर त्या आठवड्यात बऱ्याच दिवसांनी ताटाचे एक छायाचित्र आले. ते मिसळीचे होते. शेजारी लिंबाची फोड होती खरी, पण मिसळीबरोबर ती पूर्वीही असायचीच.