वीस आणि सात

[दृश्य: पहाटेचा प्रकाश. रिकामा पादचारी पूल, दोन्ही बाजूंना उंच तारेची जाळी. दूरवर काँक्रीटचं गोल स्टेडियम.]

निवेदन:

फ्रीमाँटहून बार्टच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, गाडीत बसलं की अर्ध्या तासाच्या आत कोलिझियम स्टेशन येतं. स्टेशनातूनच हा पूल निघतो. रूळ ओलांडतो, एक नाला ओलांडतो आणि थेट स्टेडियमच्या दारात नेऊन सोडतो. सामन्याच्या दिवशी या पुलावर शेंगदाणे, पाण्याच्या बाटल्या, टोप्या विकणारे बसलेले असायचे. त्यांच्यामधून वाट काढत माणसं जायची आणि जाता जाता बोलायची. आज कोण टाकतंय? कालचा तो झेल पाहिला का? आणि संघ जिंकत असेल तर सगळ्यात आधी एकच प्रश्न: सलग किती झाले?

हे ओकलंड. सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या पलीकडच्या काठावरचं बंदराचं, कामगारांचं शहर. इथला बेसबॉल संघ ओकलंड ॲथलेटिक्स १९६८ साली कॅन्सस सिटीहून आला आणि ५७ हंगाम खेळला. या संघाच्या दोन विजयी घोडदौडींची ही गोष्ट आहे. एक २००२ची, सलग वीस सामन्यांची. ती जगाला ठाऊक आहे. दुसरी २०२३ची, फक्त सात सामन्यांची. मला विचाराल तर ती पहिलीच्या तोडीस तोड आहे, आणि तसं का वाटतं तेही सांगणार आहे.

[दृश्य: मैदानाचा जुना नकाशा, हिरवं गवत, तपकिरी माती.]

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. आयपीएलमध्ये साखळीत प्रत्येक संघाला चौदा सामने. त्यात चार हरले की आपल्याकडे घराघरात चिंता सुरू होते. बेसबॉलच्या हंगामात एका संघाचे सामने असतात १६२. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ रोज. सगळ्यांत बलाढ्य संघसुद्धा वर्षाला पन्नाससाठ सामने हरतो आणि अगदी तळाचा संघही बहुधा पन्नासएक जिंकतो. म्हणून इथला चाहता एका पराभवानं कोसळत नाही आणि एका विजयानं फुशारत नाही. त्याचं बोलणं चालतं ते लयीबद्दल. गेल्या दहांत किती? बाहेरच्या मैदानांवर किती? गोलंदाजांची पाळी कशी लागतेय?

ही पाळी फार महत्त्वाची. सुरुवात करणारा पिचर, म्हणजे गोलंदाज, एका दिवशी शंभरेक चेंडू टाकतो आणि मग चार दिवस विश्रांती घेतो. म्हणजे संघाला असे पाच पिचर लागतात. पहिला कितीही थोर असला तरी पाचव्याच्या दिवशी गाठ पडतेच. म्हणूनच बेसबॉलमध्ये सलग जिंकत राहणं इतकं अवघड. एका माणसाच्या जोरावर ते होऊच शकत नाही.

[दृश्य: २००२ सालची वर्तमानपत्रांची कात्रणं.]

२००१चा हंगाम संपला आणि ओकलंडचा सगळ्यात मोठा फलंदाज जेसन जियाम्बी न्यूयॉर्क यांकीजकडे गेला. सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर. जॉनी डेमन बॉस्टनला गेला. शेवटी येऊन सामना आटोपणारा पिचर इस्रिंगहाउझन सेंट लुईसला. यांकीजच्या खेळाडूंचा वर्षाचा पगारखर्च सुमारे साडेबारा कोटी डॉलर होता, ओकलंडचा सुमारे चार कोटी. मे महिन्यात संघ २० जिंकून २६ हरलेला होता. पुलावरच्या गप्पा त्या दिवसांत काय असतील, याची कल्पना करायला बेसबॉल कळावा लागत नाही.

पण पिचर राहिले होते. टिम हडसन, मार्क मल्डर, बॅरी झिटो. क्षेत्ररक्षणातल्या शॉर्टस्टॉपच्या जागेवर मिगेल तेहादा होता. १३ ऑगस्टपासून संघ जिंकायला लागला आणि थांबेना. पाच झाले, दहा झाले, पंधरा झाले.

त्याच वेळी डोक्यावर संपाची तलवार. ३० ऑगस्टपर्यंत मालकांशी करार झाला नाही तर सामने बंद, असं खेळाडूंच्या संघटनेनं जाहीर केलेलं. १९९४च्या संपानं अख्खी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, गिळली होती, ती आठवण ताजी होती. ओकलंडच्या चाहत्याला एकाच वेळी दोन घोर लागलेले: आज जिंकू का, आणि उद्या सामना होईल का. करार झाला तो ३० तारखेलाच, खेळ सुरू व्हायला काही तास उरलेले असताना. त्या संध्याकाळी सोळावा विजय आला.

विजयाची माळ लांबत गेली की माणसं सावध होतात. जागा बदलत नाहीत. टोपी धूत नाहीत. जो शब्द उच्चारला की मोडेल, तो शब्द टाळतात. हे आपल्याला समजावून सांगायला नको. सचिन नव्वदीत असताना ज्या घरात कुणाला खुर्चीवरून उठू दिलं जात नव्हतं, त्या घरातल्या माणसाला ओकलंडचा चाहता परका वाटणार नाही.

१ सप्टेंबरला नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगमध्ये ४-५ असं मागे असताना तेहादानं तीन धावांचा होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाच्या भिंतीपलीकडे. अठरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेवटच्या इनिंगमध्ये, पुन्हा तेहादा, ७-६. एकोणीस. अमेरिकन लीगचा, म्हणजे बेसबॉलच्या दोन मुख्य लीगांपैकी ओकलंडच्या लीगचा, विक्रम गाठला गेला.

[दृश्य: रात्रीचं स्टेडियम, सगळे दिवे लागलेले, वरच्या मजल्यापर्यंत गर्दी.]

४ सप्टेंबर २००२. बुधवार. प्रेक्षक ५५,५२८. समोर कॅन्सस सिटी रॉयल्स.

तीन इनिंग्ज संपल्या तेव्हा ओकलंड ११-० पुढे होतं. वीस हातात आले होते. मग चौथ्या इनिंगमध्ये रॉयल्सनी पाच धावा काढल्या. आठवीत आणखी पाच. नवव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना (तिसरा बाद झाला की डाव संपतो) एक साधा फटका गेला आणि धावफलकावर आकडे दिसले: ११-११. पंचावन्न हजार माणसांचा आवाज एका क्षणात बसला.

नवव्याच्या उत्तरार्धात, ओकलंडच्या पाळीत, एक बाद झाल्यावर बदली फलंदाज म्हणून आला स्कॉट हॅटबर्ग. हा मूळचा कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा. कोपराच्या नसेला इजा झाली, चेंडू नीट फेकता येईना, म्हणून कॅचर म्हणून त्याची कारकीर्द संपल्यात जमा होती. ओकलंडनं त्याला घेतलं आणि पहिल्या बेसवर उभं राहायला शिकवलं, कारण त्याला चांगला चेंडू निवडता यायचा आणि वाईट सोडता यायचा. त्यानं पहिला चेंडू सोडला. दुसऱ्यावर बॅट फिरली आणि चेंडू उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे गेला.

१२-११. वीस.

त्या हंगामात संघानं १०३ सामने जिंकले, झिटोला सर्वोत्तम पिचरचा सन्मान मिळाला, तेहादा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बाद फेरीत मात्र मिनेसोटाकडून पहिल्याच पायरीवर हरले. तरीही ओकलंडमध्ये कुणाला २००२ म्हटलं की तो पराभव आठवत नाही, ती रात्र आठवते.

[दृश्य: रिकाम्या खुर्च्या. मैदानामागची उंच काँक्रीटची भिंत.]

मधली वीस वर्षं भराभर सांगतो, कारण त्यांत सांगण्यासारखं जे आहे ते बहुतेक जाण्याबद्दलच आहे. २०१९ साली वॉरियर्स हा बास्केटबॉल संघ शेजारच्या इमारतीतून उठून खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला. २०२०मध्ये अमेरिकन फुटबॉलचा रेडर्स संघ लास वेगासला गेला. उरला बेसबॉल. त्याचं नवं स्टेडियम एकदा फ्रीमाँटला होणार होतं, मग ओकलंडच्याच बंदरावर होणार होतं. झालं कुठेच नाही. २०२२च्या हंगामाआधी ऑल्सन, चॅपमन, बॅसिट, मनाया असे एकेक चांगले खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले. त्या वर्षी संघ १०२ सामने हरला. एप्रिल २०२३मध्ये बातमी आली की लास वेगासमध्ये जागेचा सौदा ठरला आहे. १५ मे २०२३च्या सामन्याला प्रेक्षक होते २,०६४.

हा आकडा पुढे करून म्हटलं गेलं, इथे कुणी येतच नाही. हे ऐकताना माझा जीव तुटतो. कारण याच स्टेडियममध्ये ऑक्टोबर २०१९मध्ये, बाद फेरीच्या एका सामन्याला ५४,००५ माणसं आली होती. माणसं होती. त्यांना पाहायला येण्यासारखा संघच ठेवला नव्हता.

चाहत्यांनी मग उलटा बहिष्कार ठरवला. बहिष्कार म्हणजे न जाणं. यांनी ठरवलं, सगळ्यांनी जायचं. दिवस मुद्दाम निवडला मंगळवार, १३ जून. एरवी ज्या संध्याकाळी स्टेडियम ओस पडतं, तीच संध्याकाळ. हे ठरलं तेव्हा संघ इतका वाईट खेळत होता की त्या रात्री जिंकण्याचा विचारही कुणी केला नसेल. ५ जूनअखेर संघ १२ जिंकला होता आणि ५० हरला होता.

आणि मग, कुणाला काही कळायच्या आत, हा संघ जिंकायला लागला.

पिट्सबर्गला दोन. मिल्वॉकीला तिन्हीच्या तिन्ही. १२ जूनला घरी परतून टॅम्पा बे रेजविरुद्ध सहावा. रेज त्या वेळी सगळ्यांत जास्त सामने जिंकलेला संघ होता. ज्यांनी निषेधाची तयारी केली होती त्यांच्या बोलण्यात अचानक जुना प्रश्न परत आला. सलग किती झाले?

[दृश्य: हिरवे टी-शर्ट घातलेली गर्दी. ढोलांचा आवाज जवळ येत जातो.]

१३ जूनच्या दुपारपासूनच पार्किंगमध्ये शेगड्या पेटल्या. चाहत्यांच्या मंडळींनी हजारो हिरवे टी-शर्ट फुकट वाटले, त्यांवर एकच शब्द: सेल. म्हणजे विका. मालक जॉन फिशर यांना उद्देशून, संघ विका आणि तो इथेच राहू द्या. त्या रात्री प्रेक्षक होते २७,७५९.

पाचवी इनिंग सुरू झाली तेव्हा आधी ठरल्याप्रमाणे सगळे गप्प झाले. सत्तावीस हजार माणसांची शांतता कशी असते, ते या चित्रफितीत ऐका. पिचरच्या बुटाखालची माती ऐकू येईल अशी. पहिला फलंदाज संपला आणि मग एका दमात, ढोलांच्या ठेक्यावर, सगळ्यांचा एकच घोष. संघ विका. संघ विका.

[आवाज: घोषणा, वीस सेकंद. निवेदन नाही.]

या गर्दीकडे पाहताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. घोषणा मालकाविरुद्ध, पण मैदानावरच्या पोरांच्या प्रत्येक स्ट्राइकला टाळ्या. संघावर राग नव्हताच. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटनं लास वेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सार्वजनिक पैशाचं विधेयक मंजूर केलं. तिकडे मतं मोजली जात होती आणि इकडे माणसं विजय मोजत होती.

ओकलंड २-१ जिंकलं. सलग सात.

दुसऱ्या दिवशी रेज जिंकले आणि माळ तुटली. हंगाम ११२ पराभवांवर संपला. नोंदवहीत त्या सात विजयांना काही जागा नाही.

पण थोडं गणित करून पाहू. २००२च्या घोडदौडीआधी संघ ६८ जिंकून ५१ हरलेला होता. त्या वेगानं चालणाऱ्या संघानं पुढचे वीसच्या वीस सामने जिंकावेत, ही शक्यता साधारण ७२,००० मध्ये एक. आता २०२३चा संघ घ्या. ६२ पैकी १२ जिंकलेला. त्यानं पुढचे सातच्या सात जिंकावेत, ही शक्यता साधारण ९८,००० मध्ये एक. हिशेब ढोबळ आहे, प्रत्येक सामना वेगळा असतो, समोरचा संघ वेगळा असतो. तरी आकडे तेच सांगतात जे त्या रात्री स्टँडमध्ये बसलेल्यांना न मोजताच कळलं होतं: आपण जे पाहतोय ते पुन्हा दिसणार नाही.

[दृश्य: २६ सप्टेंबर २०२४. मैदानाकडे पाहत उभी असलेली माणसं.]

शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४ला झाला. ४६,८८९ प्रेक्षक. टेक्सासविरुद्ध ३-२ असा विजय. नंतर प्रशिक्षक मार्क कॉट्से माइक घेऊन मैदानात उभे राहिले, लोकांचे आभार मानले आणि "लेट्स गो ओकलंड"चा घोष एकदा शेवटचा त्यांच्याकडून करून घेतला. काही जण मैदानाची माती घरी घेऊन गेले.

संघ आता सॅक्रामेंटोत खेळतो, लास वेगासचं स्टेडियम होईपर्यंत. आणि कोलिझियम? जून २०२५मध्ये तिथे क्रिकेट झालं. मेजर लीग क्रिकेटच्या त्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात फिन ॲलननं ५१ चेंडूंत १५१ धावा केल्या, १९ षटकार मारले. हॅटबर्गचा चेंडू ज्या मैदानातून बाहेर गेला, त्याच मैदानातून. खाडीभोवतीची कितीतरी मराठी कुटुंबं हा पूल पहिल्यांदा चालली असतील ती त्या दिवसांत.

[दृश्य: वेस्ट ओकलंड. छोटं मैदान, लाकडी बाकं, मागे बंदराच्या क्रेन.]

हे रायमंडी पार्क. जेमतेम चार हजार माणसं बसतील एवढं. २०२४च्या जूनपासून इथे ओकलंड बॉलर्स नावाचा नवा संघ खेळतो. छोट्या स्वतंत्र लीगमधला, आणि त्याची थोडी थोडी मालकी चाहत्यांनीच पैसे घालून घेतलेली. कोलिझियममधले ढोल इथे आले आहेत.

२०२५च्या हंगामात बॉलर्सनी ९६ पैकी ७३ सामने जिंकले. अंतिम फेरी पाच सामन्यांची, समोर आयडाहो फॉल्स. पहिले दोन्ही हरले. आणखी एक हरले असते तर सगळं संपलं असतं. तिसरा जिंकले. चौथा जिंकले. पाचवाही जिंकले. १९८९नंतर ओकलंडच्या बेसबॉल संघानं जिंकलेलं हे पहिलं विजेतेपद.

सलग तीन.

[आवाज: ढोल. चित्र हळूहळू अंधारात.]