शिखर नसलेल्या वाटा

(मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)

माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य, भारतातून आलेली वडीलधारी मंडळी आणि मित्रहो,

आपल्यापैकी बहुतेकांची चालण्याची कल्पना सह्याद्रीत घडलेली आहे. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड ही नावे घेतली की चालणे म्हणजे चढणे आणि चढणे म्हणजे माथा गाठणे, हे समीकरण आपोआप मनात येते. त्यामुळे इथे इंग्लंडमध्ये आल्यावर ज्यांच्या पायांत बळ आहे ते वेल्समधील स्नोडन किंवा इंग्लंडमधील स्कॅफेल पाइक अशा उंच शिखरांची वाट धरतात. लहान मुलांचे आईवडील, गुडघ्यांनी त्रस्त झालेले ज्येष्ठ आणि सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा मात्र ट्रेक हा आपला प्रांत नव्हे असे समजून घरात बसतात, किंवा शनिवार-रविवार दुकानांत घालवतात. मला आज ज्या वाटांविषयी बोलायचे आहे त्यांना शिखरच नाही. त्या नदीच्या काठाने, गवताळ कुरणांतून आणि जुन्या झाडीतून जातात, त्यांचा आनंद वाटेभर विखुरलेला असतो, आणि मध्येच परत फिरले तरी काही हुकत नाही. शिवाय त्या वाटांवर आपला कायदेशीर हक्क आहे. ही गोष्ट आपल्या समाजात पुरेशी माहीत नाही, असे मला वाटते.

उदाहरण म्हणून मी एकच खोरे सविस्तर सांगतो, कारण ते आपल्या दाराशी आहे. चेस ही छोटी नदी लंडनच्या वायव्येला चेशम गावाजवळ उगम पावते आणि सुमारे 18 किलोमीटर वाहत जाऊन रिकमन्सवर्थला कोन नदीला मिळते. तिच्या काठाने चेस व्हॅली वॉक नावाची सुमारे 16 किलोमीटरची खुणा केलेली वाट आहे. 1889 साली मेट्रोपॉलिटन रेल्वे चेशमपर्यंत पोहोचली, म्हणून आजही हॅरोहून त्याच मार्गाच्या गाडीत बसून अर्ध्या तासाच्या आसपास चॅलफाँट अँड लॅटिमर स्थानकावर उतरता येते. मोटार लागत नाही, आणि एका स्थानकावर उतरून खोऱ्यातून चालत जाऊन चॉर्लीवुडच्या स्थानकावर परतीची गाडी धरता येते. जेवणाला थांबत, आरामात चालले तरी निम्म्या दिवसात हे अंतर होते.

स्थानकाजवळची घरे संपली की झाडीतून वाट उतरते आणि खाली लॅटिमर हे चिमुकले गाव लागते. गावाच्या मधल्या हिरवळीवर दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि डच वंशाचे बोअर यांच्यात झालेल्या बोअर युद्धात गेलेल्या परिसरातील सैनिकांचे स्मारक आहे, आणि त्याच्या शेजारी एका घोड्याचे हृदय पुरलेले आहे. बोअरांच्या बाजूने लढणारे फ्रेंच सेनानी व्हिलबुआ-मारय 1900 साली बोशोफच्या लढाईत पडले, तेव्हा त्यांचा जखमी घोडा ब्रिटिश सेनानी लॉर्ड चेशम यांनी इंग्लंडला आणला. तो 1911 साली इथेच मेला. पुढे कुरणातून जाताना, आसपास ना चर्च ना वस्ती अशा ठिकाणी, विटांनी बांधलेली एक जुनी कबर दिसते. ती विल्यम लिबर्टी या वीटभट्टीवाल्याची, 1777 सालची. त्याची पत्नी अॅलिस हिलाही नंतर तिथेच पुरले. आपली हाडे इतरांच्या हाडांत मिसळू नयेत म्हणून त्याने ही एकाकी जागा निवडली, असे सांगतात. अशा गोष्टी मुलांना थांबून वाचू द्याव्यात. चालण्याची घाई करण्याचे कारण नसते.

चेस ही चुनखडीच्या मऊ पांढऱ्या खडकातून जन्मलेली नदी आहे. पावसाचे पाणी या सच्छिद्र खडकात मुरते, तिथे साठून राहते आणि झऱ्यांवाटे सावकाश बाहेर येते. खडकातून गाळून आल्यामुळे ते आरशासारखे स्वच्छ असते आणि उगमापाशी त्याचे तापमान उन्हाळ्या-हिवाळ्यात 10 अंश सेल्सिअसच्या जवळपास टिकते. जगात अशा नद्या फार थोड्या, दोनशेच्या आसपास धरल्या जातात, आणि त्यांतील बहुसंख्य इंग्लंडमध्ये आहेत. साराट बॉटमजवळच्या पुलावर क्षणभर वाकून पाहिले तर तळाचे खडे मोजता येतात, प्रवाहाच्या दिशेने पसरलेल्या पाणवनस्पतींच्या लांब हिरव्या शेंड्या हलताना दिसतात आणि त्यांच्या आडोशाला तोंड प्रवाहाकडे करून स्थिर राहिलेला ट्राउट मासा सापडतो. हे पाणी थंडीतही सहसा गोठत नसल्यामुळे या खोऱ्यात वॉटरक्रेसचे वाफे तयार झाले. आपल्या अळिवाच्याच कुळातील ही तिखटसर पालेभाजी व्हिक्टोरियाच्या काळात इथून रेल्वेने लंडनच्या बाजारात जात असे. मात्र ओढ्यात आपोआप वाढलेली वॉटरक्रेस तोडून कच्ची खाऊ नये. गुराढोरांच्या यकृतातील कृमींची लागण तिच्यातून माणसाला होऊ शकते.

या काठावर आपल्या ओळखीचे पक्षीही भेटतात, आणि माझ्या अनुभवात आजी-आजोबांना त्याचाच सर्वांत जास्त आनंद होतो. इथला निळा-नारिंगी खंड्या म्हणजे आपल्याकडच्या तळ्याकाठी दिसणाऱ्या लहान खंड्याचीच जात आहे. राखी बगळा आणि छोटा पांढरा बगळाही तेच. वर आकाशात दुभंगलेल्या शेपटीची तांबडी घार फिरत असते. ती आपल्या घारीची सख्खी चुलत बहीण म्हणावी अशी; इंग्लंडातून नाहीशी झाली होती, ती 1989 ते 1994 या काळात स्पेनहून आणून या भागातील चिल्टर्न टेकड्यांत सोडण्यात आली आणि आता इथे सहज दिसते.

आपल्याकडून आलेली एक गोष्ट मात्र नदीला जड झाली आहे. काठावर उन्हाळ्यात गुलाबी फुलांची जी उंच झाडी दिसते ती हिमालयातून 1839 साली बागेसाठी आणलेल्या बालसमची, म्हणजे आपल्या तेरड्याच्या भावकीतली. तिची पिकलेली बोंडे स्पर्श होताच फुटतात आणि बी सात मीटरपर्यंत उडते. ती इतर वनस्पतींना झाकून टाकते आणि हिवाळ्यात स्वतः मरते, त्यामुळे उघडा पडलेला काठ पुराच्या पाण्याने खचतो. तिची मुळे उथळ असतात, म्हणून बी धरण्यापूर्वी ती हाताने उपटणे लहान मुलांनाही जमते. स्थानिक स्वयंसेवक दर उन्हाळ्यात हे काम करतात. त्यांच्याबरोबर आपल्या मंडळातील तरुणांनी उभे राहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. भूजलाचा उपसा आणि कोरडी वर्षे यांमुळे वरच्या भागात आटणाऱ्या या नदीला जितके हात मिळतील तितके हवे आहेत.

आता हक्काविषयी. शेताच्या कोपऱ्यात लाकडी खांब दिसतो, त्यावर पिवळा बाण असतो, आणि वाट सरळ उभ्या पिकातून जाते. अशा जागी आपली माणसे थबकतात. दुसऱ्याच्या पिकात पाय टाकू नये हा संस्कार चांगलाच आहे. पण इथे ती वाट शेतकऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर असूनही सार्वजनिक आहे आणि पिकातून तिची रेषा मोकळी व स्पष्ट ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. आपण एकामागोमाग एक, त्या रेषेवरून चालावे, म्हणजे पीकही तुडवले जात नाही आणि हक्कही सांभाळला जातो. पिवळा बाण पायी चालणाऱ्यांसाठी, निळा बाण पायी, घोड्यावरून आणि सायकलवरून जाणाऱ्यांसाठी. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेच्या नारिंगी वेष्टनाच्या एक्सप्लोरर नकाशांत या वाटा तुटक हिरव्या रेषांनी दाखवलेल्या असतात. चेस खोऱ्यासाठी 172 क्रमांकाचा नकाशा घ्यावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा सुमारे 2 लाख 25 हजार किलोमीटर वाटा आहेत.

हे सारे आपोआप मिळालेले नाही. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर परिसरातील शेकडो कामगार तरुण खासगी मालकीमुळे बंदी असलेल्या, डर्बीशायरमधील किंडर स्काउटच्या माळावर चालत गेले आणि त्यांतील काहींना तुरुंगवास झाला. 1949 च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांची तरतूद केली आणि सार्वजनिक वाटांची अधिकृत नकाशांवर नोंद करण्याचे काम स्थानिक परिषदांवर सोपवले. 2000 च्या कायद्याने माळरानावर मोकळे फिरण्याचा हक्क दिला. ज्या वाटेवर कोणी चालत नाही ती काटेरी झुडपांत हरवते, म्हणून आपण या वाटांवर चालणे हाही त्या टिकवण्याचाच भाग आहे. या देशात राहणारे आणि इथे कर भरणारे आपण त्या वाटांवर पाहुण्यासारखे बिचकत का चालावे?

झाडीविषयी थोडे सांगतो. इंग्लंडमध्ये 1600 सालापासून अखंड टिकलेल्या वनाला प्राचीन वन मानतात आणि अशा वनांची ठळक खूण म्हणजे ब्लूबेलची निळी फुले. एप्रिलच्या अखेरीस ते मेच्या मध्यापर्यंत, बीचच्या झाडांची पालवी दाट होऊन जमिनीवरचे ऊन अडवण्यापूर्वी, ही फुले आपला वर्षाचा सारा कारभार उरकून घेतात. म्हणूनच त्यांची पाने तुडवली गेली की कंदाला अन्न मिळत नाही आणि तो पट्टा सावरायला कित्येक वर्षे लागतात. मुलांना फुलांच्या मधोमध बसवून फोटो काढण्याचा मोह आवरावा. वाटेवर उभे राहूनही उत्तम फोटो येतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. चिल्टर्नच्या माथ्यावरची माती चिकट आहे, तेव्हा हिवाळ्यात घोट्यापर्यंतचे बूट हवेत. डिसेंबरात चार वाजण्याआधीच सूर्य मावळतो. उंच गवतातून आल्यावर मुलांच्या पायांवर, गुडघ्यामागे गोचीड नाही ना हे पाहावे. गाई वासरांसह असतील तर वळसा घालून जावे. फाटक जसे सापडले तसेच ठेवावे.

ज्यांना याच प्रकारची आणखी लहान वाट हवी असेल त्यांनी कॉट्सवोल्ड्स टेकड्यांमधील बोर्टन-ऑन-द-वॉटर या गावी नुसते आइस्क्रीम खाऊन परत फिरू नये. तिथून शेतांतून लोअर स्लॉटर आणि पुढे आय नदीच्या काठाने अप्पर स्लॉटर या खेड्यांपर्यंतची वाट अतिशय सुंदर आहे. चाकांची खुर्ची किंवा बाबागाडी बरोबर असेल तर वॉटफर्डच्या कॅशिओबरी पार्कचे सपाट रस्ते चेसच्या कुरणांपेक्षा सोयीचे.

मेच्या पहिल्या पंधरवड्यातील एका रविवारी मंडळातर्फे चेस खोऱ्याची चाल काढावी, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. येऊ इच्छिणाऱ्यांनी दारापाशी ठेवलेल्या वहीत नावे लिहावीत आणि डबे, पाणी व कचऱ्याची पिशवी आपापली आणावी. त्या सुमारास ज्यांचे आईवडील भारतातून येणार आहेत त्यांनी त्यांचीही नावे आताच द्यावीत आणि पुढे त्यांच्या बुटांचे माप लिहावे. आपल्याकडचे चांगल्या स्थितीतील जुने बूट त्या दिवसापुरते देण्याची तयारी काही कुटुंबांनी दाखवली आहे.