हप्त्याची तारीख आणि घरची आवक

श्रोतेहो, नमस्कार.

फेब्रुवारी-मार्चला सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक वाढते, आणि नेमकी तेव्हाच खताच्या दुकानाची उधारी, शिजवणी-पॉलिशची मजुरी, गावच्या सोसायटीची कर्जवसुली हे सगळं दारात उभं असतं. भाव पटो न पटो, पोती सौद्याला लागतात. पुढे भाव चढलाच, तर तो ज्याला थांबता आलं त्याचा. शेजारच्या हरिपुरात पेवांमध्ये, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारांमध्ये, हळद वर्षानुवर्षे टिकायची. 2005 च्या महापुरानं त्या पेवांची वाट लावली. पण पेव असलं तरी थांबायला हातात पैसा लागतोच की!

म्हणून मला शेतमाल तारण योजना मोलाची वाटते. बाजार समितीच्या गोदामात हळद ठेवायची आणि किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं. सहा महिन्यांची मुदत, व्याज वर्षाला 6 टक्के. लाखाला सहा महिन्यांचे झाले तीन हजार. गावातल्या सावकाराच्या महिना शेकडा तीननं हेच अठरा हजार होतात! भाव चढेलच याची हमी कोणी देत नाही, पण विकायचं कधी, हे निदान आपण ठरवतो.

आता दुसरी बाजू. बचत गटातून किंवा फायनान्सकडून म्हैस घेतली, की पुढच्याच आठवड्यापासून हप्ता सुरू. दूध आहे तोवर भागतं. म्हैस आटली, की हप्त्यासाठी दुसऱ्या फायनान्सचं कर्ज. कर्ज मिळालं, उत्पन्न मात्र होतं तिथंच. हैदराबादेत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी अशा छोट्या कर्जांचा अभ्यास केला. सरसकट कुटुंबांचा घरखर्च काही वाढलेला दिसला नाही. ज्यांचा धंदा आधीपासून होता, त्यांना मात्र हातभार लागला. मला यात नवल वाटत नाही. चालत्या दुकानात रोज गल्ल्यात काहीतरी पडतं, त्यातून हप्ता निघतो.

पीककर्जाचंही तेच. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं, तर आपल्या राज्यात व्याज शून्य. पण ऊसबिल यायचं असतं आणि तारीख तर उद्यावर आलेली. मग सावकाराकडून आठ-दहा दिवसांसाठी उचलायचं, सोसायटीत भरायचं, नवं कर्ज मंजूर झालं की त्याचं त्याला परत. याला आपल्याकडे ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. कागदावर व्याज शून्यच राहतं. त्या आठ-दहा दिवसांचं सावकार काय घेतो, ते पासबुकात कुठं येतं?