केन रिज, 1801: मेजाजवळचे आणि मैदानातले

मराठी ख्रिस्ती मंडळी ज्याला ‘संजीवन’ म्हणतात, म्हणजे लोकांमध्ये श्रद्धेची अचानक उसळणारी जागृती, त्याच्या इतिहासात अमेरिकेच्या केंटकी राज्यातील केन रिज येथे ऑगस्ट 1801 मध्ये भरलेल्या मेळाव्याला मोठे स्थान आहे. तिथे लोक कसे कोसळत, कसे थरथरत, हेच बहुधा प्रथम सांगितले जाते. मला मात्र आधी प्रभुभोजनाविषयी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीविषयी, बोलायचे आहे. कारण लोक जमले होते ते त्यासाठी, आणि एवढे नजरेआड केले की उरलेले सारे नुसता उन्माद वाटू लागते.

स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे निवडलेल्या वडीलधाऱ्यांच्या सभांनी चालणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या, मंडळ्यांत प्रभुभोजन वर्षातून एखाद-दोन वेळाच होई आणि त्यासाठी पंचक्रोशीतले लोक काही दिवस एकत्र राहत: आधी उपास, शनिवारी तयारीचे उपदेश, रविवारी भोजन, सोमवारी उपकारस्तुती. पाळक (धर्मगुरू) आणि मंडळीचे निवडलेले वडीलधारे ज्याला योग्य ठरवत, त्याला धातूचा लहानसा बिल्ला मिळे. तो नसेल तर मेजाशी बसता येत नसे. गर्दी मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, मावत नसल्यामुळे उपदेश उघड्यावर होत. 1742 मध्ये स्कॉटलंडमधील कॅम्बसलँग येथे इंग्रज उपदेशक जॉर्ज व्हिटफील्ड यांनी असाच हजारोंना उपदेश केला. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधील अल्स्टरमधून गेलेल्यांनी ही रीत अमेरिकेत नेली.

केंटकीत वस्ती विरळ आणि पाहुण्यांना ठेवून घ्यायला घरे अपुरी. म्हणून जुलै 1800 मध्ये गॅस्पर नदीकाठी प्रेस्बिटेरियन पाळक जेम्स मॅकग्रेडी यांच्या मेळाव्याला कुटुंबे गाडीत शिधा आणि अंथरूण-पांघरूण घालून आली व तिथेच मुक्कामी राहिली. तिकडचे संजीवन केन रिजचे पाळक बार्टन स्टोन पुढच्या वर्षी स्वतः पाहून आले.

केन रिजचे मंदिर ओंडक्यांचे, जेमतेम काहीशे माणसांचे. आलेल्यांचे समकालीन अंदाज 10,000 ते 25,000 असे आहेत. जवळच्या लेक्सिंग्टन शहराची वस्ती तेव्हा 2,000 देखील नव्हती. आकडे फुगवलेले असतील, तरी प्रभुभोजन घेणारे हजाराच्या आसपासच होते, हे मला फार बोलके वाटते. बिल्ला नसलेलेच तिथे बहुसंख्य होते आणि त्यांच्यासाठी मैदानात जागोजागी उपदेश चालू होते. मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे उपदेशक विल्यम बर्क यांना मुख्य मंचावर बोलावणे आले नाही, तेव्हा ते एका उन्मळलेल्या झाडाच्या खोडावर चढले. भर उन्हात एकाने लांब काठीला बांधलेली छत्री त्यांच्या डोक्यावर धरली आणि पाहता पाहता भोवती लोक दाटले. स्त्रिया बोलू लागल्या, लहान मुले बोलू लागली. एरवी गुलामांना ज्या मंदिराच्या माळ्यावर बाहेरून शिडी लावून चढावे लागे, त्याच्याच आवारात काळ्या लोकांचा स्वतंत्र जमाव आपल्याच उपदेशकाचे ऐकत होता. कोसळणे, थरथरणे घडले ते या गर्दीत, रात्री मशाली आणि शेकोट्यांच्या उजेडात, अनेक दिवसांच्या जागरणानंतर. त्या माणसांच्या पश्चात्तापाला खोटे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मला वाटत नाही.

जवळपास आठवडाभराने शिधा संपला, तेव्हा लोक परतले. अशा संजीवनाविषयीचा वाद मात्र राहिला. स्टोन आणि त्यांचे चार सहकारी पाळक 1803 मध्ये सिनडमधून, म्हणजे प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या वरिष्ठ सभेतून, बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची प्रेस्बिटेरी, म्हणजे मंडळ्यांवर देखरेख करणारी स्थानिक सभा, स्थापली. वर्षभरातच, जून 1804 मध्ये, त्यांनी त्या संस्थेचे मृत्युपत्र लिहून ती विसर्जित केली. तिने ख्रिस्ताच्या विश्वव्यापी देहात विलीन व्हावे, अशी इच्छा त्यात नोंदवली आहे.