उणे आठ

(काळा पडदा. टर्मिनलवर असेंब्लीची, म्हणजे प्रोसेसरला थेट सूचना देणाऱ्या भाषेची, एकच ओळ.)

दहातून दोन वजा केले. उत्तर आलं उणे आठ. लिहिणाऱ्यानं ओळ बरोबर लिहिली होती, आणि प्रोसेसरनंही सांगितलं तेच केलं.

इंटेलचा ८०८७ हा गणिती सहप्रोसेसर १९८० सालचा. त्याच्या पोटात ८० बिटांच्या आठ रजिस्टरांची, म्हणजे संख्या ठेवायच्या कप्प्यांची, उतरंड. वजाबाकीला मुख्य सूचना दोन: एफसब, आणि उलटी वजाबाकी करणारी एफसबआर.

घोळ झाला एटी अँड टी कंपनीच्या युनिक्स प्रणालीच्या घराण्यातल्या असेंब्लरांमध्ये, म्हणजे असेंब्लीचे प्रोसेसरला कळणारे बाइट करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. उतरंडीतल्या वरच्या रजिस्टरातली संख्या खालच्या रजिस्टरातून वजा करायला एफसब लिहा, असेंब्लर गुपचूप एफसबआरचे बाइट बसवतो. भागाकाराचंही तसंच. बेरीज-गुणाकार मात्र सुटले. तिथे क्रम बदलला तरी उत्तर तेच.

(पडद्यावर कंपायलरनं तयार केलेली असेंब्ली.)

मग दुरुस्त का केलं नाही? कारण तोवर जीसीसी हा कंपायलर, म्हणजे सीसारख्या भाषेतला प्रोग्रॅम असेंब्लीत उतरवणारा प्रोग्रॅम, हा उलटेपणा धरूनच असेंब्ली लिहू लागला होता. तो मुद्दाम उलटं नाव लिहितो, असेंब्लर ते पुन्हा उलटवतो, हिशेब जुळतो. आता एकानं सुधारायचं तर दुसरा मोडतो. ग्नू असेंब्लरच्या माहितीपुस्तिकेत सरळ कबुली आहे, की आता यातून सुटका नाही. जीसीसीच्या कोडमध्ये हे बंद करायची सोय आहे, पण मग कंपायलर आणि असेंब्लर दोन्ही नव्यानं बांधायला हवेत. एवढा खटाटोप कोण करतो!

हातानं असेंब्ली लिहिणाऱ्यापुढे वाटा थोड्या. इंटेल पद्धतीचं लेखन निवडायचं. तिथे नावं सरळ आहेत. किंवा जाणूनबुजून एफसबआर लिहायचं, आणि शेजारी टीप हवीच, नाहीतर पुढचा कुणी भला माणूस ते ‘दुरुस्त’ करून ठेवतो. नाहीतर नावाच्या भानगडीतच पडायचं नाही: बाइट जसेच्या तसे बसवायला सांगणारा बाइट निर्देश वापरून डीसी, ईबी हे सोळाच्या पायातले दोन आकडे थेट लिहायचे.

(बाइटांवरून सूचनांची नावं दाखवणारा ऑब्जडंप हा प्रोग्रॅम चालवला जातो.)

तेच दोन बाइट आता उलट वाचून बघू. ऑब्जडंप म्हणतो, एफसबआर. त्याचीही बोली एटी अँड टीचीच. इंटेलचा पर्याय लावून पुन्हा चालवला.

एफसब.

(टर्मिनलवर उत्तर: ८.)