हळदीच्या अर्काभोवतीचं वर्तुळ

श्रोतेहो, नमस्कार. पदवीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प सुरू झाले की आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पिशव्या यायला लागतात. जत-कवठेमहांकाळकडचा मुलगा निरगुडीचा पाला आणतो, शिराळ्याकडची मुलगी हिरडा आणते, आणि पोर सांगलीचंच असेल तर हळकुंडं ठरलेली. प्रश्न सगळ्यांचा एकच. ‘मॅडम, याने जंतू मरतात का?’

मी आधी उलट विचारते, की ही वनस्पती हीच कशावरून? शंखपुष्पी म्हणून निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. म्हणून फुलासकट फांदी दाबून, वाळवून वनस्पतिशास्त्राच्या सरांकडून ओळख पक्की करून घ्यायची. हळदीचं म्हणाल तर दुकानातली पूड नकोच. तिच्यात भेसळीचा रंग असला, तर आपण तपासलं काय, हळद की रंग? पेठेतून अख्खी हळकुंडं आणा आणि इथे कुटा.

मग अर्क. सावलीत वाळवलेली पूड मिथेनॉलमध्ये किंवा पाण्यात भिजत ठेवायची, गाळायची, द्रावक म्हणजे ते मिथेनॉल किंवा पाणी उडवून टाकायचं. तळाला जो चिकट गोळा उरतो तो अर्क. इथे पाणी की मिथेनॉल हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. हळदीतला पिवळा घटक, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. हळद पाण्यात उकळून केलेल्या अर्कात ते फारसं उतरणारच नाही, आणि मुलं लिहून मोकळी होतात की हळदीत काही दम नाही.

आता प्लेट. काचेच्या बशीत म्युलर-हिंटन अगर, म्हणजे जंतू वाढवायचं जेलीसारखं माध्यम, चार मिलिमीटर जाडीचं ओतायचं. त्यावर जंतूंचा द्राव निर्जंतुक कापसाच्या बोळ्याने सारवायचा. द्रावही अंदाजपंचे नाही. त्याचा गढूळपणा ठरलेल्या मापाशी जुळवायचा, म्हणजे मिलिलिटरला साधारण १५ कोटी जंतू. मग अगरमध्ये छोटी गोल भोकं पाडून अर्क भरायचा आणि प्लेट ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनक्युबेटर उघडताना मुलांचे चेहरे बघावेत! प्लेटभर दुधट साय धरलेली असते आणि भोकाभोवती स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ. तिथे जंतू वाढलेले नाहीत. प्लेट उलटी करून काळ्या कागदावर धरायची आणि पट्टीने व्यास मोजायचा. ‘अठरा मिलिमीटर, मॅडम!’

इथेच मी विचारते, शेजारच्या भोकात नुसतं मिथेनॉल टाकलं होतंस का? कित्येकदा टाकलेलं नसतं. जंतू मिथेनॉलनेही मरतात. लिंबाच्या रसाभोवतीसुद्धा वर्तुळ येऊ शकतं, नुसत्या आंबटपणामुळे. हिरड्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारा पदार्थ, भरपूर. ते भेटेल त्या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे हिरड्याचं वर्तुळ बघून लगेच हुरळून जायचं नसतं. नुसत्या द्रावकाचं भोक, ज्याला आम्ही कंट्रोल म्हणतो, ते नसेल तर त्या अठरा मिलिमीटरला काही अर्थ नाही.

दुसरी गल्लत तुलनेची. अर्काचं वर्तुळ अठरा, सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या कागदी चकतीचं पंचवीस, म्हणजे आपला अर्क औषधाच्या जवळ पोचला, असं निष्कर्षात हमखास येतं. पण हिशोब करा. चकतीत औषध आहे ५ मायक्रोग्रॅम. भोकात आपण ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा अर्क एक दशांश मिलिलिटर भरला, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. हजारपट! अर्क हे अनेक पदार्थांचं कडबोळं असतं हे मान्य, तरी या दोन आकड्यांची शर्यत लावता येत नाही. शिवाय वर्तुळाचा आकार पदार्थ अगरमध्ये किती पसरतो त्यावरही ठरतो. कर्क्युमिन भोकापाशीच घुटमळतं आणि तिथे पिवळा डाग पडतो. त्या डागालाच वर्तुळ समजून मोजलेलं मी पाहिलं आहे.

म्हणून वर्तुळ ही फक्त पहिली चाळणी. खरी परीक्षा द्रव माध्यमात. अर्क दर खान्यात निम्मा निम्मा पातळ करत न्यायचा, सगळीकडे सारखे जंतू घालायचे आणि ज्या सर्वांत कमी मात्रेला वाढ थांबते ती लिहायची. जंतू वाढले की द्रव गढूळ होतो, पण हळदीच्या पिवळेपणात तो गढूळपणा दिसत नाही. तेव्हा रेझाझुरिन नावाचा रंग घालतात. तो निळा असतो आणि जंतू जिवंत असतील तर गुलाबी होतो. अर्काचा मिलिलिटरला एक मिलिग्रॅमहून जास्त डोस लागत असेल, तर या क्षेत्रातले जाणकार त्याला फारशी किंमत देत नाहीत. शंभर मायक्रोग्रॅमच्या आत काम झालं, तर मात्र कान टवकारतात.

आणि जंतू कोणता? पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर बरेच अर्क चालतात. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूला बाहेरून आणखी एक आवरण असतं, ते पुष्कळ पदार्थांना आत येऊ देत नाही. तेव्हा ‘जंतुनाशक’ एवढंच लिहून भागत नाही, नाव लिहावं लागतं.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून शेतकरी भेटले की विचारतात, आमच्या हळदीचं औषध कधी होणार? मी खरं ते सांगते. बशीत जंतू थांबले तरी खाल्लेलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार कमी उतरतं, आणि जे उतरतं तेही लवकर मोडतं. पुढे पेशींवरच्या विषारीपणाच्या चाचण्या, मग प्राणी, मग माणसं. बहुतेक अर्क वाटेतच गळतात. तोवर खुरप्याने खोल कापलं, तर हळद दाबून घरी बसू नका. जखम धुवा, दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. मधुमेह असेल तर पायाच्या जखमेला एक दिवसही थांबू नका.

शाळांतल्या विज्ञान शिक्षकांसाठी एक सांगायचं राहिलं. प्रदर्शनासाठी हा प्रयोग करायचा झाला, तर गटारातले किंवा जखमेतले जंतू वाढवू नका. पावाचं यीस्ट घ्या, वर्तुळ त्यातही दिसतं. बशीला कडेने चिकटपट्टी लावा आणि वाढ झाल्यावर ती उघडू नका, वास तर अजिबात घेऊ नका. काम संपलं की सगळं प्रेशर कुकरमध्ये १५ ते २० मिनिटं पूर्ण दाबाखाली ठेवा, आणि मगच कचऱ्यात टाका. तो कुकर पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही. नमस्कार.