गणसंख्येपलीकडचा वकील

[दृश्य : रुग्णालयातली बैठकीची खोली, टेबलावर फायलींचे गठ्ठे]

पुण्यातल्या एखाद्या रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी घ्यायची, तर कागद आधी एथिक्स कमिटीसमोर, म्हणजे सहभागींचे हक्क आणि सुरक्षितता तपासणाऱ्या समितीसमोर जातात. औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांप्रमाणे कमिटीत किमान 7 सदस्य लागतात आणि निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात. बैठकीला किमान 5 जण हवेत. त्यांत कायदेतज्ज्ञ नसेल, तर गणसंख्याच होत नाही. तेवढ्यापुरतं येऊन, सही करून, चहा घेऊन जाणारे वकीलही असतात, हे इथे सांगायला हवं.

काम करणारा वकील गठ्ठ्यातून आधी विम्याची पॉलिसी काढतो. तिची मुदत चाचणी पूर्ण होण्याआधीच संपते का? दर माणशी मर्यादा किती? चाचणीमुळे मृत्यू झाला, तर भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे : 8 लाख गुणिले वयाचा गुणांक, गुणिले जोखमीचा गुणांक, भागिले 99.37. चाळीस वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकासाठी वयाचा गुणांक 184.17 आणि जोखमीचा 4. हिशेब होतो सुमारे 59 लाख. पॉलिसीत माणशी 25 लाख लिहिलेले असतील, तर वरचे पैसे कोण देणार, हे करारात स्पष्ट नसेपर्यंत फाइल परत.

[दृश्य : संमतीपत्राची पानं, शाईचा अंगठा]

मग संमतीपत्र. इंग्रजी मसुदा सुधारला जातो, मराठी प्रत मात्र जुनीच राहते. म्हणून दोन्हींवरचा आवृत्ती क्रमांक आणि तारीख ताडून बघायची. सहभागी निरक्षर असेल, तर निःपक्ष साक्षीदार लागतो. चाचणीच्याच चमूतल्या नर्सची सही तिथे चालत नाही. औषधाचा रेणू नवा असेल आणि सहभागी असुरक्षित गटातला, म्हणजे सहज दबावाखाली येऊ शकणारा असेल, तर संमतीचं चित्रीकरण करायचं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांना फक्त ध्वनिमुद्रण, कारण चेहरा उघड होणं हाच तिथे धोका.

चाचणीत सहभागीच्या प्रकृतीबाबत गंभीर घटना घडली, तर संशोधकाने 24 तासांत कळवायचं. मृत्यू असेल, तर कमिटीने 30 दिवसांत मत द्यायचं.

[दृश्य : लॉ कॉलेज रस्ता]

वकिली शिकताना यातलं फार थोडं हाती लागतं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्वतःच वाचावी लागतात. कमिटीच्या मानधनावर घर चालत नाही, म्हणून कोर्टाची कामं सुटत नाहीत. पण हीच नजर पुढे धोरणाच्या मसुद्यांना उपयोगी पडते. उदाहरणार्थ, पुण्यात प्लेग असतानाच आलेला 1897 चा साथरोग कायदा 2020 मध्ये राज्याने पुन्हा वापरला. त्याचं चौथं कलम सद्भावनेने केलेल्या कारवाईला संरक्षण देतं. नागरिकाने दाद कुठे मागायची, त्याबद्दल मात्र हा कायदा गप्प आहे.